अंगठ्याच्या बुडाशी

४ जून २०२५

अभ्यासाच्या वहीत फक्त आकडे जातील. बाकीचं इथे.

ऋषी सरांनी आज माझं मराठी संमतीपत्र वाचलं. तीन पानं, बावीस मुद्दे. एकही शब्द बदलला नाही. म्हणाले, "यशोधरा, हे माझ्या आईलासुद्धा कळेल." पुण्याच्या एथिक्स कमिटीकडे ते तसंच गेलं आणि मंजूर होईल याची मला खात्री आहे. फिजिओथेरपिस्टला 'मालिशवाली' न समजणारे मला भेटलेले हे पहिले डॉक्टर. लेखावर दुसरं नाव माझं असेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पुढच्या वर्षी हाताच्या उपचारांच्या पदव्युत्तर प्रवेशाला ते उपयोगी पडेल.

काम असं: अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेल्या छत्तीस बायका. तीन प्रकारच्या सुया, प्रत्येकी बारा जणींना. एक स्टेरॉइडची, एक सांध्यात वंगणासारख्या राहणाऱ्या जेलची, आणि एक त्या बाईच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या पिवळसर द्रवाची. रक्त सगळ्यांचंच काढणार, म्हणजे त्यांनाही ओळखता येणार नाही. कुणाला कोणती, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. चिठ्ठी सर आणि हर्षाली बघणार, मग पाकिटं पुन्हा बंद करून डिसेंबरपर्यंत हर्षालीच्या कपाटात. हर्षाली इथली नर्स, आणि मंचरमध्ये मला मैत्रीण म्हणता येईल अशी एकटीच. सुई सर देणार. मी फक्त मोजणार: चिमटीचा जोर, अंगठा किती उघडतो, दुखणं दहापैकी किती. कुणाला काय मिळालं हे मला कळता कामा नये. कळलं की मोजणारीचा कल बदलतो, ती कितीही प्रामाणिक असली तरी.

१७ जून

कमिटीची मंजुरी आली. सुया सुरू झाल्या. सकाळी बाकावर बसलेल्या बायकांना नियम समजावला. सोपं करून सांगावं म्हणून म्हणाले, "मी आंधळी आहे असं समजा."

"आंधळी आन् एवढा जाड चष्मा कशाला गं?" बयाबाई म्हणाल्या. सगळा बाक हसला.

बयाबाई आमच्या अवसरीच्याच. आठ गाई आहेत. पन्नास वर्षं अंगठा मुडपून धार काढली, त्याने सांधा गेला. मुडपू नका असं मी दोन वर्षं सांगते आहे. "मुडपल्याबिगर धारच येत न्हाई," हे त्यांचं उत्तर.

"कोणती सुई मिळाली ते मला सांगायचं नाही."

"आमाला तरी कुठं सांगत्यात? सुई आणत्यात ती कागदात गुंडाळून. नवरीवानी."

दुपारपर्यंत माझं नाव 'आंधळी ताई' पडलं होतं. हर्षालीने ते माझ्या तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलं. मी खोडलं नाही.

१९ जून

आज आईला सुई दिली. तिचं नाव मीच सुचवलं होतं. बाजार समितीच्या आवारात बारा वर्षं कांदा निवडते. उजव्या अंगठ्याने आता तिला कुलूप उघडता येत नाही. तिची मापं मी घेणार नाही, हर्षाली घेईल. सह्या घेताना आणि सुई देताना मी खोलीबाहेर होते. सगळ्यांच्याच वेळी असते, आईच्या वेळी जिना उतरून खाली थांबले. घरी तिच्या अंगठ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवून तिला तसं सांगितलं.

"बरं," आई म्हणाली. "जेवायचं का न्हाई ते इचारू ना?"

६ ऑगस्ट

सहा आठवड्यांची मापं संपत आली. काही बायका पहिल्यापेक्षा दीड-दोन किलोंनी जास्त जोर लावतात, काही जिथल्या तिथे आहेत. कोणत्या सुईच्या कोण, याचा अंदाज बांधायचा मोह होतो. बांधला नाही.

आई काल दोन्ही हातांनी भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "यशे, ह्या हातानं आज—"

"आई, नको सांगूस."

तिने परातीत पीठ घेतलं.

१६ सप्टेंबर

तीन महिन्यांची मापं. बयाबाई आल्या त्या उजव्या हाताला मेंदी लावून. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत नुसता भरीव गोळा, नक्षी काही नाही. चिमटीचा जोर ४.१ किलो, जूनमध्ये २.३ होता. चांगलं आहे. पण नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. "कुणाचं लग्न?" असं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या समृद्धीचं जमलंय आण्याला. दिवाळीनंतर हाय." समृद्धी म्हणजे त्यांची नात, आणे हे आळेफाट्यापलीकडचं गाव. लग्न दोन महिन्यांवर आहे तर मेंदी इतक्या लवकर का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आठवड्यात अशी मेंदी लावून आलेल्या या तिसऱ्या. बाकावरची एक बाई पुटपुटली, "पित्तरपाटात मेंदी?" आमच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत, त्यामुळे त्यात काय चुकीचं आहे ते मला लगेच समजलं नाही.

आईला अंगठ्याचा प्लास्टिकचा पट्टा मी सुईच्या आधीच, फक्त रात्री घालायला सांगितला होता. ती दिवसभर घालते. सांगितलेलं इतकं काटेकोर पाळणारी रुग्ण मी पाहिलेली नाही. तिला तसं म्हणाले. ती म्हणाली, "तुजीच आई हाय."

४ ऑक्टोबर

समृद्धी हॉस्पिटलात आली होती. ती नारायणगावच्या पतसंस्थेत काम करते. स्पष्ट बोलते.

"आण्याचे पाव्हणे नको म्हणताहेत. आजीच्या हातावर कोड आलंय, असं कुणीतरी सांगितलं त्यांना. घराण्यात कोड आहे म्हणे. बाबा आजीला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत. तू तिचे हात तपासतेस ना? मग कोड आहे की नाही, ते लिहून दे."

मी संध्याकाळी बयाबाईंकडे गेले. त्या गोठ्यात होत्या. मेंदी उतरली होती. अंगठ्याच्या बुडाशी पांढरा डाग, रुपयाहून थोडा मोठा. कडा अस्पष्ट, कातडी किंचित खचलेली. बघताक्षणी कळलं. हे कोड नाही. स्टेरॉइड सांध्यात न उतरता कातडीखाली राहिलं की असं होतं. सर सोनोग्राफी न लावता हाताच्या अंदाजाने सुई देतात. यापूर्वी मला त्यात कौशल्य दिसत होतं.

"बयाआजी, यात घाबरण्यासारखं काही नाही. हे कागदात लिहिलेलं होतं. चौदावा मुद्दा. 'सुईच्या जागी त्वचा पांढरी पडू शकते. हे कोड नव्हे. बहुतेकींची त्वचा काही महिन्यांत ते वर्षभरात पूर्ववत होते, क्वचित डाग राहतो.' तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना?"

"असं काय वाचलं न्हाई बाई."

"विसरला असाल."

"मी गाईंची वेतं चुकत न्हाई, आन् ह्ये इसरन?" त्या आत गेल्या, पिशवीतून कागद आणला. तीन पानं. माझी वाक्यं. चौदावा मुद्दा: 'तुम्ही केव्हाही अभ्यासातून बाहेर पडू शकता.' तो माझ्या कागदावर पंधरावा होता. मी शेवटचं पान उलटलं. एकवीस मुद्दे. पुढचे क्रमांकसुद्धा नीट सरकवलेले होते.

तिथेच उभी राहून मी ते मुद्दे तीन वेळा मोजले.

६ ऑक्टोबर

जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहिते आहे. पुढे आठवणीत बदल होऊ नये म्हणून.

सरांसमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी चष्मा काढला.

"बस. चहा सांगू?"

"नको. चौदावा मुद्दा कुणी काढला?"

"मी. पहिल्याच दिवशी दोघी तो ऐकून उठून गेल्या. 'कोड नव्हे' असं तू लिहिलंस, त्यांना फक्त 'कोड' ऐकू आलं. छत्तीस बायका कधी मिळाल्या असत्या?"

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस."

"हो."

"म्हणून नाही सांगितलं." ते रागावले नव्हते. समजावत होते. "हे बघ, किती जणींना डाग पडले? बारातल्या चौघींना. जातो तो. आणि अंगठे बघ त्यांचे. सुधारले की नाही?"

"मेंदी कुणाची कल्पना?"

"डाग दिसला असता तर तुला कळलं असतं स्टेरॉइड कुणाला दिलं ते. तुझाच नियम पाळला, यशोधरा. काही कळता कामा नये, हे तूच म्हणालीस."

हे वाक्य बरोबर आहे. मोजणारीपासून सुईची जागा झाकून ठेवणं, हे पुस्तकातसुद्धा आहे.

बयाबाईंसाठी पत्र मागितलं: डाग सुईचा आहे, कोड नाही. सर म्हणाले, "पाकिटं डिसेंबरमध्ये उघडायची. त्याआधी कुणाला कोणती सुई दिली, हे मी लेखी कसं देऊ? दोन महिने थांबायला सांग त्यांना."

"लग्न थांबणार नाही."

"लग्नं मोडतात आणि जमतात. अभ्यास एकदा मोडला की संपला. तुझंही नाव आहे त्याच्यावर."

मग हर्षाली. आम्ही दोन वर्षं रोज एकत्र डबा खातो. तिला विचारलं.

"सरांनी सांगितलं, मी टाइप केलं."

"आणि मेंदी?"

"कोन मीच आणले. बयाबाई पितृपक्षात मेंदी लावायला तयार नव्हत्या, त्यांना गळ घातली." ती डब्याच्या झाकणाकडे बघत बोलत होती. "तुला दोनदा सांगायला आले होते गं. तू म्हणालीस, सुईबद्दल एक अक्षर नको, खोलीबाहेर जा."

असं म्हणाल्याचं मला आठवतं.

"चौघी म्हणजे कोण कोण?"

तिने तीन नावं घेतली आणि थांबली.

"चौथी?"

"घरी विचार," हर्षाली म्हणाली.

मी डबा घेऊन जिन्यात जाऊन बसले. बारा चाळीस ते बारा पंचावन्न. पूर्ण खाल्लं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

आई ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, "पट्टा काढ."

तिने डाव्या हाताने पट्टा सोडला. आत कातडी घामाने ओली, आणि बुडाशी तोच पांढरा डाग. बयाबाईंच्यापेक्षा मोठा.

"कधीपासून?"

"राखीच्या आसपास. हर्षाली म्हनली, यशाला दिसलं तर तिचा अभ्यास वाया जाईल, तिचं नाव जाईल. मंग पट्टा काढलाच न्हाई."

"तुला काय वाटलं, हे काय आहे?"

"कोड. दुसरं काय वाटनार?" तिने हात पदराला पुसला. "तुजं स्थळ अजून बघायचं हाय. म्हनलं, झाकलेलं बरं."

म्हणजे दोन महिने ती ते कोड समजून वागवत होती आणि मी तिच्या समोर बसून जेवत होते. आईने हर्षालीचं ऐकलं. तिच्याशी बोलली. मला सांगितलं नाही. सरांचं मी समजू शकते, त्यांना लेख हवा होता. हर्षालीची नोकरी आहे. आईला काय अडचण होती, हे मला समजत नाही.

८ ऑक्टोबर

कमिटीचा नियम मीच अर्जात उतरवला होता: रुग्णाला इजा झाली असेल तर त्या रुग्णाचं पाकीट लगेच उघडता येतं. हर्षालीकडे किल्ली मागितली. तिने काही न विचारता दिली, आणि कपाट उघडताना शेजारी उभी राहिली.

सतरा आणि तेवीस. बयाबाई आणि आई. दोन्ही स्टेरॉइड. उरलेल्या दोघींचीही उघडली, त्यांचंही तेच.

कमिटीला पत्र पाठवलं. माझा बावीस मुद्द्यांचा कागद, छापलेला एकवीस मुद्द्यांचा, चार डागांचे फोटो मोजपट्टीसह. लेखातून माझं नाव काढावं, असंही लिहिलं. मला आता सुया माहीत आहेत, त्यामुळे माझी पुढची मापं तशीही ग्राह्य नाहीत. हा भावनेचा प्रश्न नाही.

सरांना प्रत दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "मी तुला शिकवलं, यशोधरा." मी थांबले, पुढे काही म्हणतील म्हणून. तेवढंच होतं. राजीनाम्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली. परत येताना बस स्टँडवर माझा थांबा चुकला आणि मी दहा मिनिटं नाशिककडे जाणाऱ्या गाडीच्या रांगेत उभी होते.

११ ऑक्टोबर

उरलेल्या दोन बायकांच्या घरी जाऊन आले. दोघींना सांगितलं. एकीने ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसरी म्हणाली, "आदी का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू तितंच बसलेली की."

उद्या आण्याला जायचं. बयाबाईंचा मुलगा पिकअप काढणार आहे. आई म्हणते, मी पण येते. गरज नाही म्हणून सांगितलं. ती ऐकत नाही.

१२ ऑक्टोबर

नवऱ्या मुलाच्या आजी धोंडाबाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. आजोबा हौशीराम खांबाला टेकून. मुलगा कामाला गेला होता. या घरात धोंडाबाईंचा शब्द चालतो, हे उंबऱ्यावरच कळलं. बयाबाई हात पदरात घेऊन बसल्या.

मी माझं पत्र दिलं, त्यात तिन्ही सुया आणि डागाचं कारण लिहिलं होतं. हौशीरामांनी मोठ्याने वाचलं.

"तुमी कोन म्हनायच्या?" धोंडाबाई.

"त्या हॉस्पिटलात मी हातांची मापं घेत होते."

"व्हता. म्हंजी आता न्हाई."

"नाही."

"डाक्टरचा कागूद कुठाय?"

"डॉक्टर देत नाहीत."

"का म्हनं?"

"सुई देताना जो कागद दिला, त्यावर हे लिहायचं राहिलं."

"राहिलं न्हाई," मागून आई म्हणाली. "काढलं."

धोंडाबाईंनी माझं पत्र हौशीरामांच्या हातून घेतलं, वाचता येत नसूनही दोन्ही बाजूंनी पाहिलं. "मंग आदीचा कागूद कुनी लिवला व्हता?"

"मी."

"त्योबी तुमचा, ह्योबी तुमचा. त्याच्यात व्हतं ते न्हाई, ह्याच्यात न्हवतं ते हाय. आमी कंचा खरा धरायचा, ताई?"

माझ्याजवळ फोटो होते, पाकिटांच्या चिठ्ठ्या होत्या, कमिटीची पोच होती. सगळे कागदच होते.

आई पुढे येऊन बाजेच्या कडेला बसली. पट्टा सोडला. बयाबाईंचा हात धरून पदरातून ओढून काढला आणि स्वतःच्या हाताशेजारी गोधडीवर ठेवला. दोन अंगठे, दोन डाग.

"ह्या बयाबाई वरच्या आळीच्या. मी द्रौपदा, बौद्धवाड्यातली. आमचं नातं न्हाई, रगत न्हाई. ह्यांच्या घरात माजा कप बी न्यारा व्हता इतकी वरसं." बयाबाईंनी मान खाली घातली. "आमी येका डाक्टरकडं येकाच हप्त्यात सुई घेतली. आता कोड काय गाव इचारून, दोगींच्या अंगठ्याच्या बुडाशी येकाच म्हयन्यात आलं व्हय? घराण्याचं असंल तर दोगींचं घरानं येक करा."

हौशीराम हसले. "ह्ये पटन्यासारखं हाय राव."

धोंडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून आधी एक डाग चोळून बघितला, मग दुसरा. बराच वेळ. मग आत बघून ओरडल्या, "च्या टाका. सगळ्यांना." आणि बयाबाईंना म्हणाल्या, "सुपारी आमी परत धाडलेली न्हाई अजून. फडताळातच हाय."

बयाबाई रडू लागल्या. मी दुसरीकडे पाहिलं.

चहा आला, एकसारख्या कपांत. धोंडाबाईंनी बशी दोन्ही तळहातांत धरली होती. अंगठा न लावता. मला ते आधीच दिसायला हवं होतं.

"माजाबी ह्योच दुखतोय," त्या म्हणाल्या. "सात-आठ वरसं झाली. तिन्हींतली चांगली सुई कंची, त्ये सांगा."

"स्टेरॉइडने लवकर आराम पडतो. बहुतेकींना काही महिन्यांत पुन्हा दुखायला लागतं. नीट सोनोग्राफीत बघून सांध्यात दिली, तर डागाचा धोका कमी. संपत नाही."

"आन् बाकीच्या दोन?"

"मला माहीत नाही. या डिसेंबरात कळलं असतं."

"मंग आता?"

"आता नाही कळणार."

त्यांनी मान हलवली. "खरं बोलता म्हनायचं," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

परतताना पिकअपच्या मागच्या फळीवर आई आणि मी होतो. बयाबाई पुढे, मुलाशेजारी. आळेफाटा मागे पडला. आईने पट्टा घातला नव्हता, तो पिशवीत होता. मी तिचा हात मांडीवर घेतला. मोजपट्टी नव्हती. नखाने अंदाज घेतला, डाग साधारण तीन सेंटिमीटर. सांध्यावर दाबलं.

"इथे दुखतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"कधीचं सांगू?" ती म्हणाली.